बोहेमियातले वाडे आणि त्यांचा निवेदक

चेक भाषेत गडासाठी एक आणि वाड्यासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. उंचावर बांधलेला, जाड भिंतींचा, संरक्षणासाठी उभारलेला तो 'ह्राद'. तोफांच्या काळात अशा भिंतींचा उपयोग संपल्यावर सरदारांनी राहण्यासाठी आणि मिरवण्यासाठी बांधलेला, मोठ्या खिडक्यांचा, बागबगीच्यांचा तो 'झामेक'. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. गडावर शिबंदी असते, वाड्यात घर असतं, हे आपल्याला ठाऊक असतं. इंग्रजीतून वाचलेल्या प्रवासवर्णनांत मात्र या दोन्हींचा 'कॅसल' होतो आणि तिथून मराठीत येताना सरसकट 'किल्ला' होतो. मग मोठ्या झुंबरांच्या, पियानो ठेवलेल्या दिवाणखान्यालाही आपण किल्ला म्हणू लागतो.

'झामेक'चा दुसरा अर्थ आहे कुलूप. जर्मन 'श्लॉस' या शब्दाचेही हेच दोन अर्थ. मराठीत योगायोगाने किल्ल्याच्या शेजारी किल्ली बसली आहे. व्युत्पत्ती निराळ्या आहेत: किल्ला मूळचा अरबी, किल्ली 'कील'च्या कुळातली. पण अनुवादकाला व्युत्पत्तीइतकाच कानाचाही विचार करावा लागतो. फ्रान्झ काफ्काच्या 'दास श्लॉस' या कादंबरीचं नाव चेकमध्ये 'ह्राद' नव्हे तर 'झामेक' असं झालं. पावेल आइस्नर यांचा तो अनुवाद १९३५चा. 'ह्राद' म्हटलं असतं तर प्राग शहरावरचा राजगड, म्हणजे १९१८पासून राष्ट्राध्यक्षांचं ठाणं असलेली जागा, वाचकाच्या डोळ्यांपुढे आली असती. 'झामेक'मध्ये वाडाही राहिला आणि कुलूपही.

हे शब्दांचं प्रकरण आधी मांडण्याचं कारण असं, की गेल्या काही वर्षांत बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिमेकडच्या मोठ्या भागातले बरेच वाडे मी पाहिले, आणि ते पाहणं मला हळूहळू वाचण्यासारखं वाटू लागलं. तिथल्या बहुतेक वाड्यांत एकट्याने हिंडता येत नाही. तिकीट ठरावीक वेळेच्या फेरीचं असतं. मार्गदर्शक चेकमध्ये बोलत पुढे जातो आणि परदेशी पाहुण्याच्या हातात त्याच्या भाषेतला छापील मजकूर दिलेला असतो. काही ठिकाणी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवर जाड कापडी सपाता चढवाव्या लागतात. एक दालन पाहून झालं की पुढचं दार उघडतं आणि मागचं बंद होतं. थोडक्यात, वाडा आपल्याला दिसतो तो कुणीतरी सांगितलेल्या क्रमाने आणि कुणीतरी सांगितलेल्या शब्दांत. तिथे एक निवेदक आहे. कादंबरी वाचताना निवेदक कोण, त्याला काय माहीत आहे आणि तो काय गाळतो, हे आपण विचारतोच. वाड्याबाबतही ते विचारायला हवं.

या निवेदकाच्या चांगल्या बाजू आधी सांगितल्या पाहिजेत. दगड, लाकूड आणि रंग यांच्या बाबतीत तो अत्यंत प्रामाणिक आहे. प्रागपासून सुमारे ३० किलोमीटरवरचा कार्लश्टेन हा खराखुरा 'ह्राद'. चौथ्या चार्ल्सने १३४८मध्ये त्याचा पाया घातला तो साम्राज्याची राजचिन्हं आणि पवित्र अवशेष जपण्यासाठी. त्यातल्या पवित्र क्रुसाच्या प्रार्थनागृहात थिओडोरिक या चित्रकाराची १२९ फलकचित्रं आहेत, भिंतींत रंगीत खडे बसवलेले आहेत आणि सोनेरी छत चांदण्यांनी भरलेल्या आकाशासारखं दिसतं. ते पाहून मन भरून येतं. पण आज दिसणारा कार्लश्टेन पूर्णपणे चौदाव्या शतकातला नाही, हेही तिथे सांगितलं जातं. १८८७ ते १८९९ या काळात योसेफ मोकर या वास्तुविशारदाने नंतरच्या शतकांची भर काढून टाकली, छपरं नव्याने चढवली आणि गॉथिक काळाबद्दलची आपली कल्पना त्यावर बसवली. कर्ता मोकर, साल अमुक, काढलं काय आणि घातलं काय, सगळं नोंदलेलं आहे.

दक्षिणेकडच्या ह्लुबोकाचंही तसंच. श्वार्झेनबेर्ग घराण्यातलं एक जोडपं इंग्लंडला जाऊन आलं, विंडसरच्या राजवाड्यावर भाळलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुमारे तीस वर्षं खर्चून आपल्या वाड्याचं विंडसर करून घेतलं. मूळ इंग्लंडमध्ये, भाषांतर बोहेमियात, अशी ती पांढरीशुभ्र वास्तू आहे. आत कोरीव लाकूडकाम इतकं, की भिंत कुठे आहे ते शोधावं लागतं. आपल्याकडे काही लोक अशा नकलांना नाक मुरडतात, पण मला ह्लुबोका आवडतो, कारण आपण रूपांतर आहोत हे तो लपवत नाही.

अडचण येते ती फेरीच्या शेवटी. मी ऐकलेल्या बहुतेक फेऱ्या एकाच वळणाच्या वाक्याने संपल्या: १९४५मध्ये वाडा राज्याच्या मालकीचा झाला. हे वाक्य मराठीत आणताना मी थबकते. चेकमध्ये त्यात कर्ता नाही आणि मराठीत तर ते आणखीच निरागस होतं. 'वाडा राज्याकडे आला' म्हटलं की जणू वाडाच आपल्या पायांनी चालत आला. अर्ध्या तासापूर्वी छपराच्या एकेका कौलाचा कर्ता सांगणारा निवेदक इथे अचानक कर्ता विसरतो.

त्या वाक्यामागे घडलं ते असं. बोहेमियात शतकानुशतकं चेक आणि जर्मन या दोन भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. वाड्यांत बहुधा जर्मन किंवा फ्रेंच, गोठ्यांत आणि शेतांत बऱ्याच भागांत चेक, सीमेलगतच्या खेड्यांत वरपासून खालपर्यंत जर्मन. १९३८-३९मध्ये नाझी जर्मनीने हा देश गिळला. त्या काळात बोहेमिया आणि मोरेविया इथल्या ज्यूंची कत्तल झाली. प्रागमधल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर त्यातल्या सुमारे ७८,००० जणांची नावं लिहिलेली आहेत. काफ्काच्या तिन्ही बहिणी त्या काळात मारल्या गेल्या. युद्ध संपल्यावर राष्ट्राध्यक्ष बेनेश यांच्या आदेशांनुसार जर्मन भाषकांची मालमत्ता जप्त झाली आणि जवळपास तीस लाख माणसांना देशाबाहेर काढण्यात आलं. १९४८मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि उरलेल्या वाड्यांची पाळी आली. आधीचा अत्याचार विसरून नंतरच्या अन्यायाचं दुःख करावं असं मला म्हणायचं नाही. दोन्हींत करणारे होते आणि सोसणारे होते, एवढंच म्हणायचं आहे. व्याकरणाने दोघांनाही घालवू नये.

हा हिशेब 'जर्मन ते गेले, चेक ते राहिले' इतका सोपाही नाही. ह्लुबोकाचे शेवटचे मालक आडोल्फ श्वार्झेनबेर्ग नाझींचे विरोधक होते आणि १९४०मध्ये गेस्टापोने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली होती. युद्धानंतर जर्मनांसाठीचे आदेश त्यांना लागू करणं अवघड गेलं, तेव्हा १९४७मध्ये केवळ त्या घराण्यासाठी वेगळा कायदा करून ती मालमत्ता भरपाईविना घेण्यात आली. 'वाडा राज्याकडे आला' या वाक्यात हा सगळा प्रवास मावत नाही.

निवेदक जिथे गप्प होतो तिथे त्या भूमीतलं साहित्य बोलतं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी तीन पुस्तकांकडे पाहू. तिन्ही वेगवेगळ्या भाषांशी बांधलेली आहेत आणि तिन्हींत माणूस वाड्याच्या वेगळ्या दाराशी उभा आहे.

पहिलं पुस्तक उत्तरेकडच्या दुख्त्सॉवच्या वाड्यात लिहिलं गेलं. व्हेनिसचा जाकोमो कासानोव्हा म्हातारपणी, १७८५मध्ये, वाल्डश्टाइन नावाच्या काउंटच्या या वाड्यात ग्रंथपाल म्हणून आला आणि १७९८मध्ये तिथेच वारला. आत्मचरित्र लिहिलं ते फ्रेंचमध्ये, कारण इटालियनपेक्षा ती अधिक लोकांना कळते असं त्याला वाटे. म्हणजे इटालियन माणूस, जर्मन धनी, चेक मुलूख आणि फ्रेंच पुस्तक. काउंट नसला की कारभारी आणि नोकरचाकर यांच्याशी त्याची सतत खटकत असे. ही म्हातारपणाची किरकिर तर आहेच, पण ज्याची भाषा भोवतालच्या कुणाचीच नाही अशा आश्रिताची घुसमटही तीत आहे. पुस्तकाचं नशीबही पाहण्यासारखं आहे. हस्तलिखित लाइपझिगच्या ब्रॉकहाउस प्रकाशनाने १८२१मध्ये विकत घेतलं आणि ते वाचकांपुढे आधी आलं ते जर्मन अनुवादात. मूळ फ्रेंच संहिता जशीच्या तशी छापून व्हायला १९६० साल उजाडलं. मूळ कोनाड्यात आणि अनुवाद चव्हाट्यावर, असं जवळपास एकशे चाळीस वर्षं चाललं. दुख्त्सॉवमध्ये कासानोव्हाची खुर्ची दाखवतात आणि लोक त्याच्या प्रेयसींबद्दल हळूच विचारतात. त्या खुर्चीत बसणाऱ्याला जेवायला वाढणाऱ्याशी कोणत्या भाषेत बोलावं लागत असेल, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरं पुस्तक चेक माणसाला शाळेपासून माहीत असतं: बोझेना न्येम्त्सोवा यांची 'बाबिच्का', म्हणजे 'आजी', १८५५ सालची. ईशान्येकडच्या रातिबोर्झित्सेच्या वाड्यालगतच्या खोऱ्यात ती घडते. या वाड्याची मालकीण झागानची डचेस विल्हेल्मिना. १८१३च्या जूनमध्ये नेपोलियनविरुद्धच्या आघाडीची खलबतं इथे झाली. मेटरनिख आणि रशियाचा झार अलेक्झांडर इथे येऊन गेले. पण आज त्या खोऱ्याला ना मेटरनिखचं नाव आहे ना झारचं. त्याला 'आजीचं खोरं' म्हणतात. कादंबरीतल्या एका खेडवळ म्हातारीने इतिहासातल्या मुत्सद्द्यांना मागे टाकलं, असं उदाहरण मला तरी दुसरं आठवत नाही.

त्या कादंबरीत आजी वाड्यात जाते तो प्रसंग फार जपून लिहिलेला आहे. ती नातवंडांना घेऊन येते, दालनं पाहते, भिंतीवरच्या तसबिरींतला सम्राट ओळखते. पण पाहून गप्प बसत नाही, ती सांगू लागते. प्रशियाच्या सैन्यात गेलेला नवरा, त्याचं मरण, आणि मुलांची भाषा सुटू नये म्हणून परमुलखातली सोय नाकारून घरी परतण्याचा तिचा निर्णय. डचेस ऐकत राहते. वाड्याची मालकीण श्रोता होते आणि आलेली पाहुणी निवेदक. मी पाहिलेल्या सगळ्या फेऱ्यांत हा क्रम कधी उलटा झालेला नाही.

इथे मराठीने मला एक गोष्ट दाखवली. आपण 'वाड्यात' आणि 'वाड्यावर' असे दोन प्रत्यय वापरतो. राहणारे वाड्यात राहतात. कूळ, गडी, अर्ज घेऊन आलेली बाई हे सगळे वाड्यावर जातात. निरोपही 'वाड्यावरून' येतो. एवढ्याशा फरकात मालकी, उंची आणि दारातलं अंतर मावलेलं आहे. आजी वाड्यावर जाते आणि घटकाभर वाड्यात बसते. त्या घटकेचा उपयोग ती स्वतःसाठी करत नाही. वाड्याच्या कारभाऱ्यांच्या रागामुळे सैन्यात ढकलल्या गेलेल्या मीला या तरुणासाठी ती शब्द टाकते आणि तो सुटतो.

तिसरं पुस्तक काफ्काचं. १९२२मध्ये लिहायला घेतलेलं, अपुरं राहिलेलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९२६मध्ये मित्र माक्स ब्रोड याने प्रसिद्ध केलेलं. काफ्काने 'बाबिच्का' वाचली होती आणि तिचा 'श्लॉस'शी असलेला दुवा ब्रोडनेच दाखवला आहे. 'बाबिच्का'त वाड्यावरचा एक इटालियन नोकर खानावळवाल्याच्या मुलीच्या, क्रिस्तलाच्या मागे लागतो, आणि त्याला धडा शिकवणाऱ्यांवर वाड्याचा रोष होतो. काफ्काकडे सोर्तिनी हा इटालियन नावाचा अधिकारी आमालियाला घाणेरडं पत्र पाठवतो, ती ते फाडून टाकते आणि तिचं सगळं कुटुंब गावातून उठतं. शिक्षा कुणीच फर्मावलेली नसते. वाड्याकडून एक शब्दही येत नाही, गावच आपण होऊन पाठ फिरवतं. दोन पुस्तकांमधल्या सदुसष्ट वर्षांत काय बदललं ते इथे दिसतं. न्येम्त्सोवाकडे वाड्यात एक माणूस आहे आणि तिच्यापर्यंत शब्द पोचू शकतो. काफ्काकडे वाड्यात फक्त कचेऱ्या उरल्या आहेत. कादंबरीचा नायक के. मोजणीदार म्हणून येतो, त्याला सतत वाड्यावरून निरोप मिळतात, पण वाड्यात त्याचं पाऊल पडत नाही. म्हणून या कादंबरीचं मराठी नाव 'किल्ला' ठेवलं तर तटबंदीचा आणि लढाईचा आवाज येतो, जो मुळात नाही. पहिल्या दिवसाच्या उजेडात के.ला दिसतो तो भव्य गडही नसतो, ठेंगण्या इमारतींचा पसारा असतो. मी 'वाडा'च म्हणेन. वर्दी, बोलावणं, ताटकळणं हे सगळं त्या शब्दात आहे.

या पुस्तकातला कर्त्याचा लोप आणि मार्गदर्शकाच्या वाक्यातला कर्त्याचा लोप एकसारखा नाही. काफ्का कर्ता गाळतो तेव्हा त्याची उणीव आपल्याला छळते. मार्गदर्शक गाळतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही.

अलीकडे चेक भाषेतही हे बदलू लागलं आहे. १९४५नंतरच्या हकालपट्टीसाठी चेकमध्ये 'ओद्सुन' हा शब्द रूढ होता, सामान बाजूला सरकवावं तसा. कातर्झिना तुच्कोवा यांनी २००९मध्ये ब्रनो शहरातल्या एका जर्मन मुलीवरच्या आपल्या कादंबरीच्या नावात 'विह्नानी' हा शब्द घातला: हाकलून देणं. सरकवणं आणि हाकलणं यांत एका भाषेचा नैतिक प्रवास आहे. २०२१पासून उस्ती नाद लाबेम इथल्या संग्रहालयात 'आपले जर्मन' अशा नावाचं कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. 'आपले' हे विशेषण तिथे जाणीवपूर्वक घातलेलं आहे.

वारसांनी स्वतः सांगितलं तर प्रश्न सुटतो का? प्राग गडावरचा लोबकोवित्स राजवाडा २००२मध्ये त्या घराण्याला परत मिळाला आणि २००७मध्ये लोकांसाठी उघडला. तिथे कानाला लावायच्या यंत्रातून विल्यम लोबकोवित्स स्वतः आपल्या पूर्वजांची कथा सांगतात. ब्रुगेलचं गवतकापणीचं चित्र आणि बेथोवनच्या संगीताची जुनी हस्तलिखितं तिथे आहेत. हा प्रथमपुरुषी निवेदक कर्ते विसरत नाही: नाझींनी घेतलं, परत मिळालं, मग कम्युनिस्टांनी घेतलं. ऐकायला ते जिवंत वाटतं आणि विश्वास बसतो. पण प्रथमपुरुषाचीही एक मर्यादा असते. 'आम्ही' म्हणणाऱ्याला आपल्या घरातून काय गेलं ते नेमकं आठवतं. घर उभं राहिलं कशावर, ते कमी आठवतं. बोहेमियात जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबण्याची सक्ती १८४८पर्यंत होती. ब्रुगेलच्या चित्रात गवत कापणारी माणसं आहेत, पण कथेत त्यांचा आवाज नाही.

भारतीय वाचकाला हे परकं वाटू नये. १९४७नंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना निर्वासितांच्या हवेल्यांचं काय झालं हे पंजाबी, उर्दू, सिंधी लेखकांनी लिहून ठेवलं आहे, आणि 'ताब्यात आलं' या क्रियापदाची सोय आपल्या सरकारी भाषांनाही चांगली ठाऊक आहे. या अंकाच्या इतर भाषांतल्या वाचकांना मी विचारेन: बंगाली 'राजबाडी', कन्नड 'अरमने', मल्याळम 'कोविलकम' या शब्दांना तुमच्याकडे कोणते प्रत्यय लागतात? तिथे माणूस आत जातो की वर जातो? काफ्काचा अनुवाद करताना तुमच्या भाषेने कोणतं दार निवडलं असतं?

हे वाडे पाहू नयेत असं कुणाला वाटलं तर माझं लिहिणं फसलं. ते जरूर पाहावेत, आणि सोमवारी व हिवाळ्यात बरेच बंद असतात हे लक्षात ठेवून बेत आखावा. पुस्तकांच्या कपाटांनी भरलेली ग्रंथालयं, चिनी मातीच्या नक्षीदार शेगड्या, पावसाळी दुपारी बागेतल्या झाडांचा वास, हे सगळं खरं आहे आणि सुंदर आहे. फक्त फेरीच्या शेवटी ते वाक्य आलं की मार्गदर्शकाला दोन प्रश्न विचारावेत. या घरातली माणसं आणि त्यांचं स्वयंपाकघर कोणत्या भाषेत एकमेकांशी बोलत होती? आणि ती बोलणारी माणसं १९४५च्या हिवाळ्यात कुठे होती? मी हे प्रश्न अनेकदा विचारले आहेत. काही मार्गदर्शक खांदे उडवतात. काही मात्र गटातले इतर लोक बाहेर पडेपर्यंत थांबतात, हातातला किल्ल्यांचा जुडगा खिडकीत ठेवतात आणि आपल्या गावात त्या वर्षी काय झालं ते सांगू लागतात. छापील मजकुरात ते नसतं. अनुवाद करण्याजोगं मला मिळालेलं पुष्कळसं तिथेच मिळालं आहे.